गिरणीच्या दारात विजेची रिक्षा



बार्शीटाकळीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. अकोला-मंगरूळपीर रस्त्याला लागून त्यांची पिठाची गिरणी आहे, शेजारी मिरची-हळद कांडण्याचे यंत्र आहे, आणि घरधनी शेती पाहून उरल्या वेळात गिरणीवर बसतात. त्या लिहितात, "गावात विजेच्या रिक्षा वाढल्या आहेत. रोज कोणी ना कोणी विचारते, 'वहिनी, गाडी लावू काय इथिसा घंटाभर?' दोन-चार वेळा लावू दिली. पैसे किती घ्यावेत ते समजेना. आता हे म्हणतात, चार पॉइंट काढून रीतसर धंदाच करू. मामंजी म्हणतात, मागच्या वावरातल्या मोटारीच्या कनेक्शनवरून वायर ओढा, तिथले बिल तर सरकारच भरते. मला रात्री झोप नाही. काय करावे?"

पत्रात मामंजींविषयी एकही वाकडा शब्द नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. त्यांनी सांगितले तसे आज गावोगाव कोणी ना कोणी सांगतोच. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करू.

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना एप्रिल २०२४ पासून लागू झाली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचे बिल शासन भरते. पण ती वीज पंपासाठी दिलेली आहे. तीच वायर ओढून रिक्षाला लावली आणि वर पैसे घेतले, की वीज कायदा २००३ चे कलम १२६ आडवे येते. ज्या कामासाठी वीज घेतली त्याहून वेगळ्या कामाला ती वापरली, तर त्या वेगळ्या कामाला लागू असलेल्या दराच्या दुप्पट दराने आकारणी होते. हा वापर कधीपासून चालला आहे हे ठरवता आले नाही, तर मागचे बारा महिने धरले जातात. म्हणजे रिक्षा लावल्या दोन महिने आणि हिशेब झाला वर्षाचा, तोही दुप्पट! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, दुसरे काय? शिवाय शेतीच्या फीडरवर वीज ठरावीक तासच असते. रिक्षावाला दारात आला तेव्हा ती असेलच असे नाही. तेव्हा मामंजींना चहा देऊन शांतपणे सांगावे की वावरातली वीज वावरातच बरी.

घरच्या मीटरचेही तसेच. स्वतःची स्कूटर घरच्या मीटरवर खुशाल चार्ज करावी, त्याला सरकारची स्पष्ट मुभा आहे. शेजाऱ्याची गाडी पैसे घेऊन रोज लावू लागलात, की तो घरगुती वापर राहत नाही.

आता पत्रातला न विचारलेला पण मनात असलेला प्रश्न. वीज विकायची म्हणजे लायसन लागेल ना? लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच खुलासा केला की गाडी चार्ज करून देणे ही वीज विकणे नव्हे, ती एक सेवा आहे. त्यासाठी वीज कायद्याखाली परवान्याची गरज नाही. ही गोष्ट गिरणीवाल्यांना पटकन समजावी. गिऱ्हाईक गहू घेऊन येते, आपण पीठ करून देतो आणि दळणावळ घेतो. गहू विकत नाही. रिक्षावाला रिकामी बॅटरी घेऊन येतो, आपण ती भरून देतो. यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या, २०२२ मध्ये सुधारल्या, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा नव्या आल्या. परवाना नको हे सूत्र सगळ्यांत कायम आहे. सुरक्षेचे नियम मात्र पाळावेच लागतात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

मीटर कोणते घ्यावे? आमचा सल्ला स्पष्ट आहे. वेगळे घ्यावे. गिरणीचे मीटर गिरणीच्या कामासाठी मंजूर झालेले आहे. महावितरणच्या दरपत्रकात विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र गट आहे, त्या गटात जोडणी मागावी. एकाच मीटरवर दळण आणि रिक्षा दोन्ही चालवले तर महिनाअखेरीस कोणी किती खाल्ले ते कळत नाही, आणि ज्या धंद्याचा हिशेब कळत नाही तो धंदा भांडण लावून जातो, विशेषतः एकत्र कुटुंबात! आणखी एक. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांत ३१ मार्च २०२८ पर्यंतचे धोरण असे सांगितले आहे की सकाळी ९ ते दुपारी ४ या सूर्यप्रकाशाच्या वेळेत चार्जिंगची वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट धरावी आणि इतर वेळी १.३ पट. प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, तेव्हा अर्ज करतेवेळी चालू दरपत्रक मागून घ्यावे. पण रोख लक्षात घ्या. दिवसाची वीज स्वस्त करण्याकडे सगळ्यांचा कल आहे. आणि आपल्याकडे रिक्षावाल्याला मोकळीक केव्हा असते? उन्हाळ्यात बारा ते तीन, जेव्हा रस्त्यावर काळे कुत्रे दिसत नाही. ही दोन्ही गणिते इतकी छान जुळतात की हा धंदा करायचा तर दुपारचाच करावा, असे आमचे मत आहे.

बरे, गिऱ्हाईक कोण? इथे उत्साहाच्या भरात बरेच लोक चुकतात. त्यांना वाटते की स्कूटरवाले, मोटारवाले, सगळे रांग लावतील. बार्शीटाकळीहून अकोला जेमतेम वीस किलोमीटर. जाऊन-येऊन चाळीस. रात्री घरी चार्ज केलेली आजची स्कूटर एवढे अंतर सहज कापून परत येते, तिला तुमची गरज नाही. पिंजर किंवा महानकडून बाजाराला आलेला एखादा सोडला, तर स्कूटरवाला तुमचे गिऱ्हाईक नव्हे. मोटारीची बॅटरी तीस युनिटांची धरली तर साध्या सोळा अँपिअरच्या पॉइंटवर ती भरायला नऊ-दहा तास लागतात. तेवढा वेळ गिरणीवर बसून कोण राहणार? तिला जलद चार्जर हवा. तीस किलोवॉटचा एक जलद चार्जर म्हणजे दहा अश्वशक्तीच्या चार गिरण्या एकदम चालू केल्यासारखे आहे. त्याला रोहित्र, मोठी जोडणी आणि मोठे भांडवल लागते. ते पेट्रोल पंपवाल्यांना करू द्यावे.

राहिले रिक्षावाले. एस.टी. स्टँड ते तहसील कचेरी, रेल्वे स्टेशन ते गाव, दिवसभर फेऱ्या मारणारा, दुपारी बॅटरी उतरलेली आणि संध्याकाळची कमाई अजून व्हायची असलेला माणूस. तो खरा गिऱ्हाईक. त्याच्या गाडीचे गणित समजून घेऊ. साध्या ई-रिक्षात शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्या असतात. बारा-बारा व्होल्टच्या चार मिळून ४८ व्होल्ट, आणि प्रत्येकी १२० अँपिअर-तासाची धरली तर साठवण झाली पावणेसहा युनिटांच्या आसपास. तिचा चार्जर साधारण पंधरा अँपिअरने भरतो. म्हणजे पूर्ण रिकामी बॅटरी भरायला आठ तास, आणि 'घंटाभर' लावली तर भरतो फक्त आठवा हिस्सा. मीटरवर खर्च पडतो ताशी एक युनिटाच्या जवळपास, कारण काही वीज उष्णतेत जाते. ताशी एक युनिट हे माप डोक्यात ठेवले की घासाघीस करणाऱ्याला उत्तर देता येते. तरीही अंदाजाने पैसे घेऊ नयेत. प्रत्येक पॉइंटवर छोटे उपमीटर बसवावे, आकडा गिऱ्हाइकाला दाखवावा आणि मगच पैसे मागावेत. नवीन रिक्षांत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. त्या लवकर भरतात, पण युनिटाचा हिशेब त्यांनाही तोच.

आता मिळकत पाहू. पुढचे आकडे केवळ हिशेबापुरते आहेत, आपापल्या बिलाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा वीज तुम्हाला सर्व धरून ९ रुपये युनिट पडली आणि तुम्ही १४ घेतले. युनिटामागे पाच रुपये सुटले. चार रिक्षा दुपारी चार-चार तास लागल्या, म्हणजे सोळा युनिटे, ऐंशी रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दोन हजार. त्यातून नव्या मीटरचा काही स्थिर आकार असेल तो वजा करा. वायरिंग, पेटी, अर्थिंग, शेड यांना समजा चाळीस हजार लागले, तर भांडवल फिटायला वीस महिने, तेही चारही जागा रोज भरल्या तर! घरात शिलकी पैसा असेल तर करावे, व्याजाने काढून करू नये. दोन हजार रुपये ही रक्कम घरातल्या बाईला क्षुल्लक नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. मुलीच्या शिकवणीची फी त्यातून निघते. पण चार पॉइंटमध्ये बंगला नाही, एवढे घरधन्यांनी मनात पक्के धरावे. एक मात्र सांगू. रिक्षावाला चार तास थांबतो तेव्हा चहा पितो, डाळ भरडून नेतो, बायकोने सांगितलेले दळण तुमच्याच गिरणीवर टाकतो. ही कमाई मीटरवर दिसत नाही.

आपल्या विदर्भातच या बाबतीत एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेच्या टॅक्सी आणि रिक्षा यांचा प्रकल्प वाजतगाजत सुरू झाला. ओला कंपनी, महिंद्राच्या मोटारी आणि शहरात चार्जिंगच्या जागा असा सगळा थाट होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या नागपुरातील एका पंपावर चार्जिंग सुरू झाले, पेट्रोल पंपावरचे ते देशातले पहिले म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण २०१८ च्या आरंभी बातम्या आल्या त्या वेगळ्याच. चालक चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत उभे होते, तेवढ्या फेऱ्या बुडत होत्या, आणि काही जण या गाड्या परत करून डिझेलची गाडी द्या म्हणत होते. गाडी वाईट नव्हती. गाड्या जास्त आणि जागा कमी, असा तो घोटाळा होता. चालकाच्या लेखी विजेपेक्षा वेळ महाग असतो. म्हणून चार पॉइंट असतील तर चार-पाचच कायमचे गिऱ्हाईक बांधावेत, कोणी बारा वाजता, कोणी एक वाजता असे त्यांच्यातच ठरवून घ्यावे. 'या, या' म्हणून दहा जणांना बोलावले की पहिल्या आठवड्यातच दारात वादावादी होईल आणि दळणाला आलेल्या बायका परत जातील.

नेपाळात, काठमांडूला, १९९० च्या दशकापासून 'सफा टेंपो' नावाच्या विजेच्या तीनचाकी धावतात. त्यांच्यावर चालक म्हणून कितीतरी स्त्रिया आहेत. तिथे दुपारी रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवून देण्याची पद्धत पडली, म्हणजे गाडीला थांबावे लागत नाही. आपल्याकडे राज्य शासनाने २०२४ मध्ये महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली. किमतीच्या २० टक्के अनुदान, १० टक्के स्वतःचे आणि बाकी ७० टक्के बँकेचे कर्ज. उद्या गिरणीसमोर एखादी लेक रिक्षा घेऊन उभी राहिली तर नवल नाही. तिच्यासाठी सावली, पाणी आणि बसायला बाकडे, एवढे तरी असावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पत्रात लिहिले आहे, "सध्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड काढून देतो." ताई, हे आजच बंद करा. इस्त्री दहा मिनिटे चालते, मिक्सर दोन मिनिटे. रिक्षा लागते ती चार-चार, आठ-आठ तास. बैलाला क्षणभर चढण ओढायला लावणे वेगळे आणि दिवसभर नांगराला जुंपणे वेगळे. पातळ वायर, ढिला प्लग आणि साधा सहा अँपिअरचा सॉकेट इतका वेळ तापत राहिला की आधी प्लग पिवळा पडतो, मग काळा, मग वास येतो. वास येईपर्यंत थांबू नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंगसाठी वेगळी कलमे आहेत, आणि त्यांत वाढीव वायरीचा वापर सरळ मना केलेला आहे. प्रत्येक पॉइंटला पेटीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवी. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांहून वर हवा. पावसाळ्यात गिरणीसमोर पाणी कुठवर येते हे त्यांना माहीत नाही, तुम्हाला आहे. त्याहूनही वर लावा. गाडी उभी केली की तिचा चार्जिंगचा भाग पॉइंटपासून पाच मीटरच्या आत असावा. आणि तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागली की ही डबी क्षणात प्रवाह तोडते. तिच्यावर तपासणीचे बटण असते. दर महिन्याच्या एक तारखेला ते दाबून पाहावे. पडली नाही तर नवी आणेपर्यंत धंदा बंद.

अर्थिंगची गोष्ट वऱ्हाडात विशेष. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि वैशाखात भेगाळलेली. भेग पडली की अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते, ओल जाते, आणि पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग नेमकी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे रिक्षा सर्वांत जास्त लागतात तेव्हा, निकामी होते. गिरणीची जुनी अर्थिंग आहे म्हणून तीच जोडून भागवू नये. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून नवी करून घ्यावी, मोजून घ्यावी, आणि उन्हाळ्यात दर चार दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्याचे काम घरातल्या एकाच्या नावावर लावून द्यावे. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते.

जागा कोणती? गिरणीच्या खोलीत नाही. हवेत उडणारे पीठ ठिणगीने पेट घेते, हे जुन्या गिरणीवाल्यांना सांगायला नको. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या भरत आल्या की त्यांतून हायड्रोजन वायू निघतो, तोही पेटणारा. तेव्हा जागा बाहेर, मोकळी, वरून पत्र्याचे छप्पर आणि बाजू उघड्या. तिथे बिडी ओढू देऊ नये, मग तो कितीही जुना गिऱ्हाईक असो. आणि कापूस! दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्याकडे कोणत्या घरात कापूस नसतो? भाव येईल म्हणून ओसरीत, माजघरात, गिरणीच्या मागच्या खोलीत, जागा मिळेल तिथे भरलेला असतो. कापूस जिथे आहे त्या भिंतीला लागून चार्जिंगचा पॉइंट असता कामा नये. या बाबतीत आम्ही कोणाचेही ऐकणार नाही.

लिथियमच्या बॅटरीची काळजी निराळी. पारा ४५ च्या वर असताना ऊन खाऊन आलेली गाडी लगेच जोडू नये. अर्धा-पाऊण तास लिंबाच्या सावलीत निवू द्यावी. चार्जर त्या गाडीचाच असावा, बाजारात स्वस्त मिळाला म्हणून आणलेला नको. फुगलेली, पडलेली, पाणी शिरलेली बॅटरी आली तर हात जोडून परत पाठवावी. २०२२ मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्या वर्षी अशा गाड्या पेटण्याचे प्रकार बरेच झाले, आणि १ डिसेंबर २०२२ पासून बॅटरीचे नियम कडक झाले. जुन्या गाड्या तरी रस्त्यावर आहेतच. म्हणून रात्री कोणी जागे नसताना चार्जिंग ठेवू नये. रात्रीचे चार पैसे जास्त मिळतील, तरी नको.

पुढे हात चालला तर गिरणीच्या पत्र्यावर सौर पट्ट्या टाकण्याचा विचार करता येईल. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटे मिळतात. आपला दुपारचा धंदा तिच्याशी मेळ खातो. पण पहिल्या वर्षी नको. आधी गिऱ्हाईक टिकते की नाही ते पाहावे.

अर्जाचे सांगून थांबतो. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात किंवा त्यांच्या संकेतस्थळावर नव्या जोडणीचा अर्ज करावा आणि कारणाच्या रकान्यात विजेच्या वाहनांचे चार्जिंग असे स्पष्ट लिहावे. चार पॉइंटवर ई-रिक्षाच लावायच्या तर चार किलोवॉट पुरतात. लिथियमच्या जलद भरणाऱ्या रिक्षा येणार असतील तर जास्त भार मागावा आणि तो तिन्ही फेजवर वाटून घ्यावा. सोबत जागेच्या मालकीचा कागद, ओळखपत्र आणि ठेकेदाराचा चाचणी अहवाल. नवा खांब किंवा डीपी लागत नसेल तर नगरपालिका क्षेत्रात सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस, अशी जोडणी देण्याची मुदत २०२४ च्या नियमांनी ठरवली आहे. अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. आणि जागा मामंजींच्या नावावर असेल तर संमतीपत्रावर सही त्यांचीच लागेल. चहा त्यांना आधी द्यायला सांगितला तो त्यासाठीच.